मुद्देमालातली पुस्तकं

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरच्या मध्यावर जो मेळा भरतो, त्यात पुस्तकांच्या स्टॉलवर मोठी गर्दी असते. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि 16 तारखेला चंद्रपुरात येऊन इथल्या लोकांना दिली. त्या आठवणीने सिंदेवाही, मूल, राजुरा, वडसा, आरमोरीकडची माणसं इथे येतात. येताना पिशवीत भाकरी आणि चादर असते, परतताना त्याच पिशवीत दोन-चार पुस्तकं. ज्या घरांत आजोबांच्या पिढीपर्यंत अक्षर शिरू दिलं गेलं नव्हतं, त्या घरांसाठी पुस्तक विकत घेणं हा धम्माचाच एक भाग आहे.

2006 हे धम्मक्रांतीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. त्या वर्षी दिल्लीच्या ‘दानिश बुक्स’ या छोट्या प्रकाशनाने इथे स्टॉल लावला. पोलीस आले, पुस्तकं चाळली, कितीतरी बाजूला काढली आणि जप्त केली. प्रकाशक बाईंची चौकशी झाली, बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, गुन्हा नोंदवला गेला. जप्त पुस्तकांत भगतसिंगांचं लेखन होतं, क्लारा झेटकिन होती, आदिवासी अस्मितेवरचं लिखाण होतं. दिल्ली-नागपूरच्या दुकानांत उघड विकली जाणारी ही पुस्तकं. खैरलांजीचं हत्याकांड नुकतंच, 29 सप्टेंबरला घडलं होतं. विदर्भातली दलित वस्ती आतून पेटलेली होती आणि पुढे त्या आंदोलनात नक्षलवादी शिरल्याचा संशय तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. अशा दिवसांत कोणत्या स्टॉलवर काय विकलं जातंय, याची नोंद कुणीतरी ठेवत होतं.

हे ‘कुणीतरी’ या भागात सगळ्यांना माहीत असतं. जिल्हा विशेष शाखेचा माणूस, लोकांच्या तोंडी ‘डीएसबीवाला’. व्याख्यान असो, कविसंमेलन असो, पुस्तकाचं प्रकाशन असो, सभागृहात मागच्या रांगेत साध्या वेशातला एक जण वही घेऊन बसतो. वक्ते कोण, अध्यक्ष कोण, अंदाजे किती लोक, घोषणा कोणत्या झाल्या. आयोजक त्याला ओळखतात, चहाही देतात. त्याच्या वहीतली पानं जिल्ह्याच्या कचेरीत जातात, तिथून राज्य गुप्तवार्ता विभागाकडे, नागपूरच्या नक्षलविरोधी अभियान कार्यालयाकडे. मराठी साहित्याचे समीक्षक चंद्रपूर-गडचिरोलीकडे क्वचित फिरकतात. या दोन जिल्ह्यांत काय लिहिलं जातं, काय गायलं जातं, कोण काय वाचतं, हे सातत्याने टिपणारी यंत्रणा गेली कित्येक दशकं एकच आहे. ती कशी वाचते आणि त्या वाचनातून काय निपजतं, हे पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या वाचनापायी माणसांच्या आयुष्यातली वर्षं गेली आहेत.

हे वाचन इंग्रजांच्या काळापासूनचं. केंद्रीय गुप्तवार्ता विभाग, आपला आयबी, 1887 मध्ये उभा राहिला. त्याच्या आधीच, 1876 मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आलेला होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त द्रौपदी, भीम आणि कीचक होते, सरकारने त्यात कर्झनला ओळखलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. 1930 मध्ये शांतारामबापूंना ‘स्वराज्याचं तोरण’ हा चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लावावा लागला. ही उदाहरणं आपण शाळेपासून ऐकतो. चंद्रपूरचं उदाहरण मात्र फारसं कुणी सांगत नाही.

16 ऑगस्ट 1942 ला चिमूर उठलं. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गोळीला बळी पडला, संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं, आणि मग लष्कर आणि पोलिसांनी गावातल्या बायकांवर जे अत्याचार केले त्यांची बातमी बाहेर जाऊ नये म्हणून सरकारने जिवाचा आटापिटा केला. प्रा. भन्साळींनी त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी 63 दिवस उपोषण केलं. त्या उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी होती. चिमूर पेटण्याआधी तिथल्या लोकांनी ज्यांची खंजिरी भजनं ऐकली होती, त्या तुकडोजी महाराजांना 28 ऑगस्टला चंद्रपुरात अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूर असा त्यांचा तुरुंगवास झाला. महाराजांच्या हाती शस्त्र नव्हतं, पक्षाचं पद नव्हतं. सरकारच्या लेखी गुन्हा होता तो भजनाचा. आज महाराजांच्या नावाने नागपूरला विद्यापीठ आहे. चिमूरचा क्रांतिदिन सरकारी इतमामात साजरा होतो. त्या वेळी भजनाच्या जागी बसून टिपण घेणाऱ्या माणसाने आपलं काम चोख केलं असेल, यात मला शंका नाही. फक्त त्या भजनात लोक स्वतःचं दुःख ऐकत होते, हे त्याच्या टिपणात मावणारं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट 1980 पासूनची. त्या वर्षी आंध्रातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवाद्यांची दलं आली. 2 नोव्हेंबर 1980 ला सिरोंचा तालुक्यात मोयाबीनपेटा इथे त्यांच्यातला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. गडचिरोली जिल्हा झाला तो त्यानंतर, 26 ऑगस्ट 1982 ला. म्हणजे जिल्ह्याच्या जन्मापासून ही लढाई त्याच्या सोबत आहे. 2009 या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून 48 पोलीस मारले गेले. ही मुलं बहुतेक इथलीच, माडिया, गोंड, कुणबी, बौद्ध घरांतली. पोलीस इतके संशयी का झाले हे समजून घ्यायचं तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो.

नक्षलवाद्यांनाही शब्दांची ताकद पुरती ठाऊक होती. त्यांचा चेतना नाट्य मंच गोंडी, माडियात गाणी बसवायचा, रेला नाचाच्या चालीवर. आणि त्यांची स्वतःची गुप्तचर यंत्रणाही होती. इकडच्या गावांत ‘खबऱ्या’ म्हणून कुणाकडे बोट दाखवलं गेलं की घरात सुतक उतरल्यासारखं व्हायचं. रात्री माणसाला झोपेतून उठवून न्यायचे, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि त्यावर दगडाखाली दाबलेलं एक पत्रक. लाल शाईत, मराठी-हिंदीची सरमिसळ, पोलिसांचा हस्तक असल्याने शिक्षा दिली असा मजकूर. मेलेल्या माणसाबद्दल बहुतेक वेळा छापून आलेला एकमेव मजकूर तेवढाच असायचा. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तोच उतरवून घेतलेला. तो खरंच खबर देत होता की त्याचा कुणाशी जमिनीचा वाद होता, की तो फक्त पोलीस ठाण्यात दाखल्यासाठी गेला होता, हे विचारायला कुणी आलं नाही.

चकमकीनंतर पोलिसांची प्रेस नोट येते. गेली तीस वर्षं तिचा साचा ठरलेला आहे: इतक्या बंदुका, इतकी काडतुसं, वायरचं बंडल, डेटोनेटर, पिट्टू, औषधं, आणि शेवटी नक्षली पुस्तकं-पत्रकं. काडतुसं मोजून लिहिलेली असतात. पुस्तकांची नावं मात्र क्वचितच दिसतात. ती पुस्तकं कोणती, कुणी लिहिलेली, सतरा-अठरा वर्षांची मुलगी पाठीवरच्या ओझ्यात तांदळाबरोबर काय वाचायला घेऊन फिरत होती, हे एखाद्या अभ्यासकाला कळलं तर या लढाईबद्दल किती काही उलगडेल. पण प्रेस नोटमधली पुस्तकं मुद्देमालाच्या खोलीत गेली की खटला असेपर्यंत सीलबंद राहतात. नंतर त्यांचं काय होतं, कुणी विचारत नाही.

जंगलातल्या या यादीचा साचा हळूहळू शहरांतल्या घरांपर्यंत गेला. 2007 च्या मे महिन्यात अरुण फरेरा यांना नागपुरात अटक झाली. त्यांची बंगळुरूच्या प्रयोगशाळेत नार्को चाचणी झाली. शिरेत औषध सोडून माणसाला गुंगीत बोलायला लावायचं आणि ते बोलणं खरं मानायचं, ही पद्धत. त्या गुंगीत फरेरा बोलले की नक्षलवाद्यांना बाळासाहेब ठाकरे आणि अभाविप पैसा पुरवतात. गुप्तचरांच्या हाती सत्याऐवजी एक कपोलकल्पित कथा आली, आणि ती वाहिन्यांवर गाजली. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 ला सेल्वी खटल्यात संमतीशिवाय अशी चाचणी घेण्याला मनाई केली. फरेरा पुढे एकेका खटल्यातून सुटले. नागपूर तुरुंगातल्या दिवसांवर त्यांनी ‘कलर्स ऑफ द केज’ लिहिलं, स्वतःच्या रेखाटनांसह. ते 2014 मध्ये आलं. तुरुंगातल्या अंडा बराकीचं, तिथल्या गोंड कैद्यांचं, सुटका होताच तुरुंगाच्या दारातच पुन्हा उचलून नेण्याचं वर्णन त्यात आहे. गडचिरोलीतल्या किती माणसांनी नागपूरच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढली, हे ज्यांना कळून घ्यायचं आहे त्यांनी ते वाचावं.

2 जानेवारी 2011 ला वर्ध्याच्या रेल्वे स्टेशनवर सुधीर ढवळे यांना पकडलं. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. वर्ध्याला साहित्य संमेलनासाठी आले होते, तिथून परतत होते. गोंदिया पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यात अटक, घरझडतीत पुस्तकांचे गठ्ठे जप्त. चाळीस महिन्यांनी, मे 2014 मध्ये, गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. चाळीस महिने म्हणजे मासिकाचे चाळीस अंक. त्याच सुमाराला पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरं-पोरी भूमिगत झाली होती. त्यांच्या गाण्यांचे आवाज आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये आहेत. 11 जुलै 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारापासून, त्या गोळीबारानंतर जीव देणाऱ्या शाहीर विलास घोगरेंपासून सुरू होणारा हा माहितीपट बनायला चौदा वर्षं लागली. मंचाच्या दोन कलावंतांना जामीन देताना न्या. अभय ठिपसे यांनी 2013 मध्ये जे म्हटलं त्याचा आशय असा, की भ्रष्टाचार, विषमता, गरिबांचं शोषण यांबद्दल बोलणं-गाणं हा बंदी घातलेल्या संघटनेशी नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. त्याआधी, 2012 मध्ये, दुसऱ्या एका जामीन आदेशात त्यांनी नुसतं साहित्य बाळगण्याबद्दलही हीच भूमिका घेतली होती.

तरी गडचिरोलीत जे घडायचं होतं ते घडलंच. ऑगस्ट 2013 मध्ये अहेरीच्या बसस्टँडवरून एटापल्ली तालुक्यातले महेश तिरकी, पांडू नरोटे आणि दिल्लीतला विद्यार्थी हेम मिश्रा यांना पकडल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याच प्रकरणात 12 सप्टेंबर 2013 ला अहेरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचं वॉरंट घेऊन पोलीस दिल्ली विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या घरी पोचले. वॉरंट होतं चोरीच्या मालाच्या शोधाचं. नेले ते संगणक, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, सीडी, कागद. नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस. 9 मे 2014 ला अटक झाली. 7 मार्च 2017 ला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 827 पानांचं निकालपत्र दिलं. पाच जणांना जन्मठेप, सहाव्याला दहा वर्षं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या सर्वांना 14 ऑक्टोबर 2022 ला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी बसून, तो निकाल थांबवला आणि पुढे फेरसुनावणीला पाठवला. 5 मार्च 2024 ला न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांनी पुन्हा निर्दोष ठरवलं. त्या निकालातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, इंटरनेटवर उघड मिळणारं कम्युनिस्ट किंवा नक्षली विचारांचं लिखाण उतरवून घेणं, एवढ्यावर गुन्हा होत नाही. प्रत्यक्ष कृत्याशी त्याचा संबंध दाखवावा लागतो. दुसरी गोष्ट पंचाची. साईबाबांच्या घरझडतीला पोलिसांनी जो पंच घेतला तो निरक्षर होता. न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं. दिल्ली विद्यापीठाचा परिसर, जिथे पावलापावलावर शिकलेला माणूस भेटेल, तिथे ज्या झडतीचा सगळा भर कागदांवर आणि डिजिटल साधनांवर, तिचा साक्षीदार वाचता न येणारा. त्या बिचाऱ्याचा यात काडीचा दोष नाही. त्याला उभं केलं, त्याने अंगठा दिला असेल किंवा सही गिरवली असेल. पण एका इंग्रजीच्या प्राध्यापकाची दहा वर्षं आणि माडिया मुलुखातल्या तरुणांचं उमेदीचं वय ज्या पुराव्यावर गेलं, त्या पुराव्याच्या मुळाशी ही झडती आहे.

पांडू नरोटे हा निकाल ऐकायला नव्हता. ऑगस्ट 2022 मध्ये, पहिल्या सुटकेच्या दोन महिने आधी, नागपूर तुरुंगात आजारी पडून तो गेला. साईबाबा 12 ऑक्टोबर 2024 ला हैदराबादेत गेले. तुरुंगातून त्यांनी लिहिलेल्या कविता आणि पत्रांचं पुस्तक 2022 मध्ये आलं होतं. पांडूचं काहीच छापलेलं नाही.

भीमा-कोरेगाव प्रकरण इतकं चर्चेत राहिलं की त्याची उजळणी इथे करत नाही. दोन-तीन धागे मात्र थेट आपल्या विषयाचे आहेत. नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजीच्या प्राध्यापक शोमा सेन त्यात होत्या. त्यांना जामीन मिळाला तो 5 एप्रिल 2024 ला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभांसोबत काम केलेला महेश राऊतही त्यात होता. आणि 28 ऑगस्ट 2019 ला व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या सुनावणीत न्या. सारंग कोतवाल यांनी जप्तीची यादी वाचताना ‘वॉर अँड पीस’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’ची सीडी घरात का ठेवली, असं विचारलं. देशभर टॉलस्टॉयवरून गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींनी टॉलस्टॉयची कादंबरी आपल्याला ठाऊक असल्याचं सांगितलं आणि यादीतलं पुस्तक बिस्वजित रॉय यांचं जंगलमहालवरचं असल्याचं समोर आलं. न्यायमूर्तींची चेष्टा करून लोक मोकळे झाले. मला जास्त टोचतो तो त्या यादीचा मूळ प्रकार. पुस्तकाचं अर्धं नाव लिहायचं, लेखकाचं लिहायचंच नाही, आणि गावोगावी दाखवला गेलेला एक माहितीपट पुरावा म्हणून जोडायचा. शेवटी 28 जुलै 2023 ला न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशु धुलिया यांनी गोन्साल्विस आणि याच प्रकरणात पुन्हा पकडले गेलेले फरेरा यांना जामीन देताना स्पष्ट केलं, की हिंसेचा प्रचार करणारं साहित्यही नुसतं जवळ असणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. तोवर दोघांची पाच वर्षं गेली होती.

हे वाचन एकाच दिशेने चालत नाही, हेही सांगायला हवं. शासनाने साहित्याला फक्त जप्त केलं नाही, हाताशीही धरलं. शीतयुद्धात अमेरिकेच्या सीआयएने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’च्या 1954 मधल्या चित्रपटाला गुपचूप पैसा पुरवला. सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने चाललेल्या ज्या जागतिक संस्थेला सीआयएचा पैसा मिळत असल्याचं 1967 मध्ये उघड झालं, तिच्या भारतीय शाखेचं ‘क्वेस्ट’ हे नियतकालिक मुंबईतून निघत होतं. निस्सीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. ‘क्वेस्ट’मध्ये उत्तम लिखाण आलं आणि त्यात लिहिणारे कुणाचे हस्तक नव्हते. पण पैसा कुठून येतो हे लपवल्यामुळे त्यांच्या प्रामाणिक लेखनावर विनाकारण डाग आला. आपल्याकडे आता शब्द उलट्या दिशेने येतात. ‘अर्बन नक्षल’ हा शब्द विवेक अग्निहोत्री या चित्रपट दिग्दर्शकाने त्याच नावाच्या 2018 मधल्या पुस्तकातून रुजवला, आणि बघता बघता तो मंत्र्यांच्या भाषणांत, पोलिसांच्या पत्रकार परिषदांत, टीव्हीच्या चर्चांत पोचला. 2024 मध्ये ‘बस्तर’ नावाचा सिनेमा आला तेव्हा जंगलातली लढाई आणि विद्यापीठातला वर्ग यांना एकाच सूत्रात ओवणारी गोष्ट प्रेक्षकांच्या ओळखीची झालेली होती. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य माध्यमातली अभिव्यक्तीही येते. संयुक्त समितीपुढे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्यावर रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता आणला गेला, पण कविता, चित्र आणि चित्रफीत त्या व्याख्येच्या अंगणातच उभी आहेत. झाडीपट्टीत राहणाऱ्या लेखकाने हे नीट वाचून ठेवावं.

आणि ज्या अधिकाऱ्यांनी आयुष्यभर हे सगळं आतून पाहिलं, त्यांच्याही लिहिण्यावर टाच आली आहे. 31 मे 2021 च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या दुरुस्तीनंतर गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाशी निगडित काही छापायचं तर आधी परवानगी हवी. गडचिरोलीत चाळीस वर्षं गुप्तवार्तेचं काम कसं चाललं, कुठे फसलं, कुठे निरपराध माणूस भरडला गेला, हे एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याने लिहिलं असतं तर ते मराठीतलं अस्सल पुस्तक झालं असतं. ते आपल्याला मिळण्याची शक्यता या नियमाने आणखी कमी केली.

कोबाड गांधींच्या पुस्तकाचं जे झालं ते तर सगळ्यांपुढेच घडलं. ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ 2021 मध्ये आलं. दहा वर्षांच्या तुरुंगवासाचं, चंद्रपूर-गडचिरोलीच्या कामगार आणि आदिवासींसाठी झिजलेल्या पत्नी अनुराधा यांच्या आठवणींचं, आणि चळवळीच्या चुका बोलून दाखवणारं पुस्तक. त्यावर पहिली कुऱ्हाड माओवाद्यांनी घातली. पक्षाचा प्रवक्ता ‘अभय’ याच्या सहीच्या पत्रकाने गांधींना पक्षातून काढल्याचं जाहीर झालं. वर्षभराने, 6 डिसेंबर 2022 ला, अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार जाहीर झाला, आणि 12 डिसेंबरला शासनाने तो रद्द करून निवड समितीच बरखास्त केली. प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपले पुरस्कार नाकारले. एक मराठी लेखकवर्ग त्या आठवड्यात ताठ उभा राहिला, याचा मला अभिमान आहे. तर्कतीर्थांच्या नावाचा पुरस्कार परीक्षकांनी वाचून दिला होता. तो काढून घेताना पुस्तकातल्या कोणत्या पानावर काय आक्षेपार्ह आहे, हे शासनाने आजवर दाखवलेलं नाही.

‘अभय’ या नावामागचा माणूस, मल्लोजुला वेणुगोपाल राव, ऑक्टोबर 2025 मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून बाहेर आला. बाहेर येण्याआधी त्याने सशस्त्र लढा थांबवण्याचं आवाहन करणारी पत्रकं लिहिली होती. ज्या प्रश्नांवर कोबाड गांधींनी पुस्तकात लिहिलं म्हणून त्यांना हाकललं गेलं, त्याच प्रश्नांवर चार वर्षांनी त्याला यावं लागलं. पुस्तकाला दोन्ही बाजूंनी नाकारलं, पण ते खरं बोलत होतं.

आता गडचिरोलीचं दुसरं चित्र. गेल्या काही वर्षांत गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम चालवला आहे. दुर्गम गावांत लोकांच्या श्रमदानातून, पोलीस मदत केंद्राच्या पुढाकाराने खोली उभी राहते, रंगवली जाते, टेबल-खुर्च्या येतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं येतात. उद्घाटनाला ढोल आणि रेला असतो. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्यातली मुलं तिथे पोलीस भरतीचा, तलाठ्याचा अभ्यास करतात. पोलिसांच्याच ‘दादालोरा खिडकी’तून दाखले मिळतात तसं इथे वाचायला मिळतं. मी या कामाला मनापासून चांगलं म्हणतो. इथे पैसा आणि हेतू दोन्ही उघड आहेत. पोलीस लपून नाहीत. ज्या मुलाला बारावीनंतर अभ्यासाला जागा नव्हती त्याला दिवा आणि पंखा मिळाला, याला कमी लेखायचा हक्क शहरात बसून कुणालाच नाही.

प्रश्न कपाटाचा आहे. त्या कपाटात स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांशेजारी या मुलांच्या स्वतःच्या मुलुखाबद्दलची पुस्तकं किती आहेत? विलास मनोहरांनी हेमलकशात राहून लिहिलेली ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी तिथे असायला हवी. वनखातं, पोलीस आणि ठेकेदार यांच्या जाचातून एक माडिया पोर बंदुकीकडे कसा ढकलला जातो, हे तिने किती वर्षांपूर्वी मराठीत सांगितलं. विशेष शाखेच्या शंभर अहवालांतून जे उमगलं नसतं ते त्या एका कादंबरीत आहे. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला रुजू होताना ती द्यायला हवी होती. उषाकिरण आत्रामांचा ‘मोट्यारीन’ हा कवितासंग्रह हवा. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि शिक्षण विभागाने ती बेकायदा ठरवली. त्या शाळेसाठी गावाने तयार केलेलं वाचन तिथे हवं. ज्या भाषेत ही मुलं घरी बोलतात ती भाषा पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यातल्या पथनाट्याला चालते, नक्षलवाद्यांच्या गाण्याला चालत होती, मग कपाटात का नको?

इथल्या माणसांबद्दल सगळ्यांनी लिहिलं. पोलिसांनी अहवाल लिहिले, नक्षलवाद्यांनी पत्रकं लिहिली, मुंबईने सिनेमे काढले. त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचायची सवय कुणालाच लागली नाही. तशी जागा या भूमीत एकच फार काळ टिकली आहे: झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या गावोगावी निघतात, शेतात मंडप पडतो, रात्रभर नाटक चालतं, तिकीट काढून हजारो माणसं बघतात. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना तिचं नाव कळलं. ‘झॉलीवूड’ या 2022 च्या चित्रपटाने थोडं आधी. त्या मंचावर कुणी उद्या पांडू नरोटेसारख्या पोराची गोष्ट उभी केली तर ती रात्र कशी जाईल, परवानगीचा अर्ज ठाण्यात कसा वाचला जाईल, हे पाहायला हवं. लेखक आहेत. नाटकं लिहिणारे हात वडशात भरपूर आहेत.

साईबाबा खटल्यातल्या मार्च 2024 च्या निकालानंतर, नुसतं पुस्तक जवळ असणं गुन्हा नाही याबद्दल कायद्याच्या बाजूने शंका उरलेली नाही. म्हणून तीन मागण्या. खटले संपलेल्यांची जप्त पुस्तकं, संगणक, सीडी, हस्तलिखितं त्यांना किंवा त्यांच्या वारसांना परत द्या. दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून उचललेलीही. पुस्तकांच्या झडतीचा पंच वाचता येणारा घ्या आणि पंचनाम्यात पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक लिहा. आणि पोलिसांनी उभ्या केलेल्या गाव-वाचनालयांत गावाने मागितलेलं कुठलंही कायदेशीर पुस्तक ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला द्या.

ही मागणी शासनाकडे आहे. तुमच्याकडे, वाचकांकडे, विनंती आहे. तुमच्या घरी विलास मनोहरांची कादंबरी, आत्रामांच्या कविता, फरेरांचं तुरुंगाचं पुस्तक, अनघा लेले यांचा अनुवाद असेल, तर जादाची एक प्रत विकत घ्या आणि एटापल्ली, भामरागड किंवा धानोरा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेच्या नावाने टपालाने पाठवा. पाकिटावर स्वतःचं नाव आणि पूर्ण पत्ता लिहा.